'क्यूडॉस' : एका कौतुकशब्दाची कुळकथा

दुसऱ्याच्या गुणांची वाखाणणी करण्यासाठी इंग्रजीत शब्दांची वाण कधीच नव्हती. तरीही गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या तोंडी एक विशिष्ट शब्द वारंवार ऐकू येऊ लागला आहे. नातवाने स्पर्धेत बक्षीस मिळविले, भाचीचा प्रबंध पुरा झाला, कोणी पहाटे उठून दहा किलोमीटर धावून आला, की मोबाईलच्या पडद्यावर मित्रांचे 'कुडोज' येऊन पडतात. धावण्याच्या आणि सायकलीच्या नोंदी ठेवणाऱ्या 'स्ट्रावा' या ॲपमध्ये तर कुडोज देण्यासाठी स्वतंत्र खूण आहे, आणि कोणाला किती मिळाले याचा आकडाही तेथे दिसतो. शब्द नवा वाटतो, अमेरिकी वाटतो आणि अनेकवचनी वाटतो. हे तीनही समज मुळाला धरून नाहीत. शब्द सुमारे पावणेतीन हजार वर्षांचा आहे, ग्रीक आहे, आणि एकवचनी आहे. यांपैकी तिसरी गोष्ट वरवर पाहता वैयाकरणांच्या कामाची वाटेल. परंतु आमच्या मते या शब्दाच्या वाट्याला जे काही आले ते त्याच्या शेवटच्या 'स'मुळेच आले.

ग्रीकमध्ये हा शब्द 'कूदोस' असा होता. इंग्लंडात त्याचा उच्चार 'क्यूडॉस' असा रूढ झाला आणि अमेरिकेत 'कूडोज'. आपल्याकडे जे 'कुडोज' ऐकू येते ते या अमेरिकी उच्चाराचे धाकटे भावंड होय. ज्या काळाविषयी लिहीत आहोत त्या काळाचा उच्चार पुढे योजीत आहोत, म्हणजे घोटाळा होऊ नये.

'इलियड' या महाकाव्यात कूदोस हा शब्द पुनःपुन्हा येतो. शब्दकोशात त्याचा अर्थ 'कीर्ती, गौरव, विशेषतः युद्धातील' असा दिलेला आढळेल. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. कीर्तीसाठी होमरपाशी दुसरा शब्द आहे, 'क्लेओस'. तो ऐकण्याच्या धातूपासून आला आहे. लोक ज्याच्याविषयी ऐकतात, गायक ज्याचे गाणे करतात, माणूस मेल्यावरही जे कानोकानी टिकते, ते क्लेओस. आपल्या संस्कृतातील 'श्रवस्' हा त्याचा सख्खा भाऊ आहे. अक्षय कीर्ती या अर्थाची एक जोडशब्दी ऋग्वेदात आणि इलियडमध्ये दोन्हीकडे आहे, आणि ध्वनिनियमांप्रमाणे दोन्ही ठिकाणचे शब्द एकमेकांशी जुळतात. ही गोष्ट १८५३ साली आडाल्बर्ट कून या जर्मन पंडिताने दाखवून दिली, आणि तुलनात्मक भाषाशास्त्राच्या ग्रंथांत ती तेव्हापासून मानाने मिरवते आहे.

कूदोस मात्र कानांनी ऐकावयाची वस्तू नव्हे. ती रणांगणावर, त्या घटकेला, डोळ्यांपुढे प्रकट होते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बॅंवेनिस्त याने भारोपीय समाजसंस्थांच्या शब्दसंग्रहावरील आपल्या १९६९ सालच्या ग्रंथात या शब्दाचे बारकाईने विवेचन केले आहे. त्याच्या मते कूदोस म्हणजे नुसती कीर्ती नसून विजय खेचून आणणारे, जवळजवळ मंतरलेले असे तेज आहे. ते माणसाला स्वतःच्या कर्तृत्वाने सर्वस्वी मिळविता येत नाही. देव ते देतो, आणि देवाच्या मनात आले की काढून घेतो. झ्यूस हेक्टरला कूदोस देतो तोवर ग्रीक सैन्याची पळता भुई थोडी होते. ते काढून घेतल्यावर हेक्टर तोच असतो, त्याचे बाहूही तेच असतात, पण पारडे फिरते. आपल्या बखरी वाचलेल्यांना 'त्याचा प्रताप त्या समयी ऐसा होता' या तऱ्हेच्या वाक्यांतील भाव येथे ओळखीचा वाटेल.

या कूदोसचे दोन वाटे होत नाहीत. इलियडच्या बाविसाव्या सर्गात अकिलीस हेक्टरचा पाठलाग करीत ट्रॉयच्या तटाभोवती धावतो आहे. बाजूला ग्रीक सैन्य शस्त्रे घेऊन उभे आहे. कोणीही एक भाला फेकला असता तर काम झाले असते. पण अकिलीस मानेने खूण करून साऱ्यांना मना करतो. कारण दुसऱ्या कोणाचा भाला आधी लागला तर कूदोस त्याचे होईल आणि अकिलीस दुसरा ठरेल. मित्राच्या वधाचा सूड डोळ्यांत पेटलेला असताही त्याला एवढे भान आहे. 'दुसरा' ठरणाऱ्याला कूदोस नाही, थोडेसुद्धा नाही.

मोजता येणारा मान होमरच्या जगात नव्हता असे मात्र नव्हे. त्याचे नाव 'तिमे'. लुटीतील वाटा, मेजवानीतील मांसाचा उत्तम तुकडा, युद्धात मिळालेली दासी, अशा रूपांत तिमे मोजून मिळे. अगमेम्नॉनने अकिलीसच्या वाट्याची ब्रायसीस हिरावून घेतली तेव्हा धक्का बसला तो या तिमेला, आणि सारे महाकाव्य त्या भांडणातून उभे राहिले. आपल्या संस्थानी वडीलधाऱ्यांना हा भेद शिकवावा लागला नसता. ग्वाल्हेर, वडोदे आणि हैदराबाद यांना २१ तोफांची सलामी, इंदूरला १९ आणि स्वतःच्या हद्दीत २१. हा सारा तिमेचाच हिशेब. एखाद्या तोफेच्या कमीअधिकाने दरबारांच्या झोपा उडत. परंतु १७६१ च्या पानिपतानंतर मोडलेला डाव महादजी शिंद्यांनी उत्तरेत पुन्हा उभा केला त्याचे जे तेज होते, ते कोणत्या तोफेने मोजणार? ते कूदोस.

हा शब्द केवळ रणांगणाचा राहिला नाही. नेस्टर आणि ओडिसियस यांना होमर 'ग्रीकांचे थोर कूदोस' असे संबोधतो. आपण एखाद्याला कुळाचे भूषण म्हणतो तसे. युद्धाला त्याने 'माणसांना कूदोस देणारे' असे एक विशेषण वारंवार लावले आहे. तेच विशेषण साऱ्या इलियडमध्ये एकदाच निराळ्या जागी येते, पहिल्या सर्गात, आणि ते लावले आहे सभेला. रुसलेला अकिलीस युद्धाला जात नव्हता आणि त्या सभेलाही जात नव्हता, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे चार शहाण्यांसमोर नीट बोलणे हेही कूदोसाचे स्थान होते. याच सर्गात अकिलीस अगमेम्नॉनला एका दमात 'सर्वांत कूदोसशाली' आणि 'सर्वांत लोभी' म्हणतो. स्तुतीचा शब्द टोमणा म्हणून वापरण्याची रीतही एवढी जुनी आहे.

पुढे क्रीडास्पर्धांच्या काळात विजयी मल्लाच्या अंगी असेच काही तेज असते अशी समजूत होती. प्लुटार्कने लायकर्गसच्या चरित्रात एका स्पार्टन मल्लाची गोष्ट सांगितली आहे. ऑलिंपियाला त्याने हरावे म्हणून त्याला मोठी रक्कम देऊ केली होती. ती नाकारून, महत्प्रयासाने प्रतिस्पर्ध्याला पाडून तो जिंकला. जिंकून तुला काय मिळाले, असे कोणी विचारले, तेव्हा तो म्हणाला की लढाईत मी राजाच्या पुढे उभा राहीन. ऑलिंपियाला हाती येई ती रानऑलिव्हच्या डहाळीची माळ, द्रव्य नाही. राजापुढचे ते स्थान हेच त्याचे बक्षीस.

आता व्याकरणाकडे वळू, कारण पुढची सारी गंमत तेथून सुरू होते. कूदोस हे नपुंसकलिंगी, सकारान्त नाम आहे. आपल्याकडील यशस्, तेजस्, मनस्, श्रवस् यांच्याच कुटुंबातील. शेवटचा 'स्' हा शब्दाचा अवयव आहे, अनेकवचनाचा प्रत्यय नव्हे. आणि येथे आम्हांस एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. यशस् या शब्दातील 'स्' आपणही केव्हाच गाळून टाकला आहे. मराठी माणूस यश म्हणतो, तेज म्हणतो, मन म्हणतो. प्राकृतांनी शब्दान्तीची व्यंजने टाकून दिली आणि तो वारसा आपल्याकडे आला. मूळचा 'स' अजून कोठे आहे हे पाहावयाचे असेल तर यशस्वी, तेजस्वी, मनस्वी या शब्दांत पाहावे. जुन्या वाड्याच्या पाडलेल्या भिंतीचा एखादा चिरा नव्या घराच्या पायरीला लावलेला आढळावा तसा तो तेथे बसला आहे. शिवाय आपण अर्थही बदलला. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती; मराठीत यश म्हणजे काम फत्ते होणे. परीक्षेत यश मिळालेल्या मुलाची कीर्ती झालेली असतेच असे नाही.

ग्रीक शब्द इंग्रजीत शिरले ते बहुतेक लॅटिनच्या दारातून, आणि त्या दारात त्यांचा वेश बदलला. मूळच्या 'के'च्या जागी 'सी' आला, 'यू'च्या जागी 'वाय'. क्यूडॉस या वाटेने आला असता तर इंग्रजीत आज काहीतरी 'सिडस' यासारखे रूप दिसले असते. त्याचे 'के' आणि 'यू' शाबूत आहेत, यावरून तो थेट ग्रीकच्या वर्गातून आला हे उघड होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी इंग्लंडातील विद्यापीठीय तरुणांत तो चेष्टेच्या बोलीतला शब्द म्हणून रुळला. रोज सकाळी होमरची घोकंपट्टी करणारी ही पोरे. एखाद्याने वादसभेत भाषण गाजविले किंवा नौकास्पर्धा जिंकली की त्याला अकिलीसची भाषा लावावयाची, यातली मौज त्यांनाच कळण्यासारखी होती. आपल्याकडेही पाठशाळेतील विद्यार्थी लाडू मटकावणाऱ्या सोबत्याला 'महारथी' म्हणत असतील, त्यातलाच हा प्रकार.

या वापराचे एक सुंदर उदाहरण चार्ल्स डार्विनच्या पत्रव्यवहारात आहे. १८५९ साली, 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' छापून होत असताना, भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल याने पुस्तकाचे छापील फर्मे सुमारे अर्धे वाचून काढले होते. लायेल आपल्याला पुष्कळ क्यूडॉस देतो आहे, असे डार्विनने आनंदाने कळविले. प्रसंगाचे महत्त्व ध्यानात घ्यावे. वीस वर्षे मनात घोळविलेला सिद्धान्त जगापुढे मांडावयाचा, आणि ज्याच्या भूशास्त्रीय ग्रंथावर आपण वाढलो त्या ज्येष्ठाचे मत काय पडते याची धाकधूक. लायेलने तोवर सिद्धान्त पुरता स्वीकारलेलाही नव्हता; तरी पाठीवर थाप मारली होती. पुस्तक त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला १,२५० प्रतींत प्रसिद्ध झाले. यातली मौज अशी की हाच डार्विन आत्मचरित्रात सांगतो, की श्रूजबरीच्या शाळेत ग्रीक-लॅटिनखेरीज फारसे काही शिकविले नाही, आणि केंब्रिजला जाण्याच्या वेळी पाहतो तो शिकलेले जवळजवळ सारे विसरलेले, काही ग्रीक अक्षरेसुद्धा. अक्षरे विसरली, क्यूडॉस राहिला. 'देतो' या क्रियापदाकडेही वाचकांनी लक्ष द्यावे. होमरमध्ये जे झ्यूस देत असे ते आता लायेल देतो आहे.

राज्य शासनाच्या सेवेत हयात घालविलेल्या आम्हांस या ग्रीकवेडाची एक बाजू विशेष जवळची वाटते. इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी खुली स्पर्धापरीक्षा १८५५ साली सुरू झाली. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील समितीने तिच्यासाठी जी गुणांची वाटणी सुचविली होती तीत ग्रीकला ७५० गुण, लॅटिनला ७५० गुण. आणि ज्या देशात जाऊन कारभार करावयाचा त्या देशाच्या संस्कृतला ३७५ व अरबीला ३७५. हिंदुस्थानचा जिल्हा चालविण्यासाठी पाणिनीपेक्षा होमर दुप्पट मोलाचा ठरला. अन्यायाची तक्रार करण्याचा आमचा हेतू नाही. तो काळच तसा होता. पण मामलेदाराच्या दफ्तरातील सारावसुलीचे तक्ते तपासणाऱ्या साहेबाच्या बोलण्यात अकिलीसचा शब्द सहज का येई, याचा उलगडा या आकड्यांतून होतो. परीक्षेत ग्रीकला भाव असे तोवर क्यूडॉस वापरणाऱ्याला त्याचे वचन ठाऊक असे.

अमेरिकेत गेल्यावर ही साखळी तुटली. तेथे १९२३ साली 'टाइम' साप्ताहिक निघाले. चटपटीत, आटोपशीर आणि जरा चमत्कारिक शब्दांची त्याला हौस. विद्यापीठांनी दिलेल्या सन्माननीय पदव्यांच्या याद्या ते 'क्यूडॉस' या मथळ्याखाली छापीत असे. मथळा एक, खाली नावे अनेक. ज्याने ग्रीकचे तोंड पाहिले नाही अशा वाचकाने काय समजावे? त्याने सरळ अनेकवचन समजले. शेवटी 'स' आहे, अनेकांना मिळाले आहे, आणखी पुरावा कशाला हवा? १९२० च्या दशकापासून शब्दाचा अनेकवचनी वापर दिसू लागतो, आणि विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याच्या पोटातून एक नवे बाळ जन्माला आलेले दिसते, 'कूडो'. एक कूडो, दोन कूडोज. व्याकरणाचे कैवारी यावर संतापले आणि अजूनही संतापतात. अमेरिकेच्या मेरियम-वेबस्टर कोशाने मात्र 'कूडो'ला जागा दिली आहे.

संतापणाऱ्यांची बाजू आम्हांस कळते, पण इंग्रजी भाषेचा इतिहास त्यांच्या बाजूने उभा राहत नाही. इंग्रजीतील 'चेरी' ही मुळात फ्रेंचमधून आलेली 'चेरीज', एकवचनी. वाटाण्याचे 'पी' हे जुन्या 'पीज'चे कापलेले रूप, आणि ते 'पीज'ही मूळचे एकवचनच. 'शेरी' हे मद्य स्पेनमधील ज्या गावावरून आले त्याच्या नावाचा शेवटचा ध्वनी गळून बनले. आमच्यासारख्या कारकुनी पेशातील लोकांना सर्वांत परिचित उदाहरण 'ॲसेट' हे. कर्ज फेडण्यास 'पुरेसे' अशा अर्थाचा जुना फ्रेंच शब्द 'ॲसेट्स'. त्याच्या शेवटच्या 'स'ला अनेकवचन समजून इंग्रजांनी एकेक ॲसेट सुटा केला, आणि आज साऱ्या जगाचे ताळेबंद त्या चुकीवर उभे आहेत. आम्ही स्वतः यशस् कापून यश केलेले, तेव्हा दुसऱ्याला कोणत्या तोंडाने हसावे?

तरी एक प्रश्न उरतोच. पॅथॉस, ईथॉस, केऑस हेही असेच ग्रीक सकारान्त शब्द इंग्रजीत आहेत. 'एक केओ, दोन केऑस' असे कोणी म्हणत नाही. कात्री क्यूडॉसवरच का चालली? आमची उपपत्ती अशी, की गोंधळ कोणी कोणाला देत नाही. क्यूडॉस देता-घेता येतो. जी वस्तू देता येते ती मोजता यावी अशी माणसाची अपेक्षा असते. दिल्याघेतल्याची नोंद ठेवणाऱ्या समाजाच्या हाती हा शब्द पडला, आणि अकिलीसने ज्याचा वाटा दुसऱ्याला होऊ दिला नाही त्याची सुटी नाणी झाली. शब्द कूदोसाचा राहिला, व्यवहार तिमेचा झाला.

सुट्या नाण्यांचे जे होते ते मग स्तुतीचे झाले. चलन वाढले की भाव उतरतो. याचे आपल्या देशातील एक अस्सल उदाहरण कायद्याच्या अहवालांत नोंदले गेले आहे. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या अभियांत्रिकी सेवेतील देव दत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्याला १९९३-९४ या वर्षाच्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा मिळाला होता. शेरा प्रतिकूल नव्हता, म्हणून तो त्यांना कळविला गेला नाही. पण अधीक्षक अभियंत्याच्या पदोन्नतीसाठी सलग पाच वर्षे 'फार चांगला' असणे आवश्यक होते, आणि त्या एका 'चांगला'ने त्यांची बढती अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की शब्द कोणता आहे यापेक्षा त्याचा परिणाम काय होतो हे पाहावे, आणि चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधित अधिकाऱ्याला कळविला पाहिजे. 'चांगला' म्हणणे ही निंदा ठरू शकते, हे आम्ही नोकरीत असताना सर्वांनाच ठाऊक होते. न्यायालयाने ते लेखी केले. आमच्या सहकाऱ्यांत वर्षअखेरीस एक विनोद चाले की साहेबांना तुमच्यावर राग काढावयाचा असेल तर ते तुमची थोडी स्तुती करतील.

इंग्रजी शब्दाच्या या प्रवासात आपल्या बोलीतले शब्द आठवणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी एक तर इंग्रजीत जाऊन बसलेला आहे. 'शाबास' हा यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात नोंदलेला आहे. तेथे त्याची फोड 'शाह-बाश', म्हणजे 'राजा हो', अशी केलेली होती. १९०३ साली विल्यम क्रूक याने कोशाची नवी आवृत्ती सिद्ध केली तेव्हा ती दुरुस्त करून 'शाद-बाश', म्हणजे 'आनंदी राहा', असे सुचविले, आणि आज तेच मान्य आहे. दुरुस्ती लहान, पण तिने शब्दाचा स्वभाव पालटला. शाबास म्हणणारा मनुष्य समोरच्याला काही पद देत नाही, दर्जा देत नाही. तो आशीर्वाद देतो. म्हणूनच शाबासकी पाठीवर मिळते, कागदावर नव्हे.

दुसरा शब्द 'कौतुक'. येथे वाचकांना आधीच सावध करतो. क्यूडॉस आणि कौतुक यांचा ध्वनी काहीसा जवळचा वाटतो म्हणून कोणी त्यांची सोयरीक जुळवू नये. तशी ती नाही. अशा जुळवाजुळवीत आपल्याकडील हौशी व्युत्पत्तिकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पण अर्थांचा प्रवास मात्र विलक्षण सारखा आहे. ग्रीक कूदोसचा नातलग म्हणून पंडित स्लाव भाषांतील 'चूदो' हा शब्द दाखवितात. रशियनमध्ये आजही चूदो म्हणजे चमत्कार, आश्चर्य. काही विद्वान हे सारे पाहणे-जाणणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूपर्यंत नेतात आणि आपला 'कवि'ही त्याच धातूचा मानतात; त्यावर एकमत नाही. आश्चर्याने पाहावे असे काही, हा कूदोसचा गाभा असल्यास कौतुकाचाही गाभा तोच आहे. संस्कृतात कौतुक म्हणजे कुतूहल, नवल, उत्सव. विवाहाच्या वेळी हातात बांधावयाच्या मंगलसूत्रालाही, म्हणजे आपण ज्याला हातातील कंकण म्हणतो त्यालाही, हे नाव होते. 'कुमारसंभवा'च्या सातव्या सर्गात पार्वतीच्या हाती असे लोकरीचे कौतुकसूत्र बांधल्याचे वर्णन आहे. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी भाषेविषयीची जी ओवी सर्वांना मुखोद्गत असते, तीतही हा शब्द आहे, आणि तेथेही त्याचा अर्थ आजच्यासारखा 'वाखाणणी' नसून आवड, लीला, सहजता यांच्या छटांचा आहे. नवल वाटून पाहत राहण्यापासून प्रेमाने वाखाणण्यापर्यंत हा शब्द मराठीतच पोहोचला.

हिंदीत तो तेथे पोहोचला नाही, हे आम्हा माळव्यातील मंडळींना रोजच्या व्यवहारातून ठाऊक आहे. हिंदीत कौतुक म्हणजे तमाशा, नवलाची गोष्ट, क्वचित खोडी. आपण शेजाऱ्याला मोठ्या मायेने सांगावे, की सासरी सुनेचे फार कौतुक झाले, आणि त्याने चिंतेने विचारावे की असे काय केले हो तिने? पिढ्यान्पिढ्या हिंदी मुलखात राहून, कचेरीचे सारे काम हिंदीत करूनही, ज्या शब्दांपाशी आपण घरी परत येतो त्यांत कौतुक हा एक आहे. त्याला प्रशंसा म्हणून भागत नाही. प्रशंसा वरिष्ठाने करावयाची असते, आणि ती कारणावाचून करीत नाहीत. कौतुक आजी करते, आणि तिला कारण लागत नाही.

वचनाच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या या शब्दांचे वर्तनही मोठे मजेचे आहे. कौतुक केले, अभिनंदन केले, यश मिळाले. हे सारे नपुंसकलिंगी एकवचन. पण आभार मानले, धन्यवाद दिले; हे पुल्लिंगी अनेकवचन. एक आभार मानला असे कोणी म्हणत नाही. का, याला उत्तर नाही. संस्कृतात पत्नी या अर्थाचा 'दार' हा शब्द पुल्लिंगी आणि नित्य अनेकवचनी आहे, त्यालाही नाही.

आता नातवंडे घरी मराठीत बोलताना 'मला कुडोज मिळाले' असे म्हणतात, तेव्हा हे एकवचन की अनेकवचन, असा प्रश्न आम्ही एकदा बैठकीत टाकला होता. उत्तर देता येत नाही, आणि न येण्याचे कारण मराठी व्याकरणात आहे. 'यश मिळाले' यातील 'मिळाले' नपुंसकलिंगी एकवचन आहे, 'पुरस्कार मिळाले' यातील 'मिळाले' पुल्लिंगी अनेकवचन आहे, रूप एकच. मूळ ग्रीक शब्द नपुंसकलिंगी असल्याने 'कुडोज मिळाले' हे होमरच्या मापानेही शुद्ध ठरते आणि अमेरिकी मापानेही. 'टाइम'च्या मथळ्यापुढे बसलेल्या १९२० च्या दशकातील वाचकाची जी गत झाली होती तीच येथे आपली होते. शब्दापूर्वी 'खूप' लावले तरी उलगडा होत नाही, कारण यशही खूप असते आणि पुरस्कारही. नातवाने पुढे आकडा सांगितला, म्हणजे मगच कळते.